इर्जिक कॉम्प्युटरची, वावर आपलं

आज आम्ही तुमच्याशी एका नव्या शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द आहे हॅकेथॉन. कानाला परका वाटतो, पण काम ओळखीचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्या इर्जिक सांगतील. एखाद्याची नांगरट नाही तर सोंगणी मागे पडली की गावातली माणसं आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन त्याच्या वावरात उतरायची आणि दिवसभरात काम उरकून टाकायची. मजुरी कोणी मागत नसे. ज्याचं वावर, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.

हॅकेथॉन म्हणजे कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापोरींची इर्जिक. एक दिवस, दोन दिवस सगळे एका जागी बसतात. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवलेला असतो. पाच-सहा जणांचा एक गट, असे पुष्कळ गट. रात्र जागून प्रत्येक गट त्या प्रश्नावर काहीतरी तोडगा तयार करतो, बहुतेक वेळा मोबाईलचं ॲप किंवा एखादं यंत्र. शेवटी परीक्षक बघतात आणि बक्षीस देतात.

आपल्या देशात सरकारची मोठी हॅकेथॉन २०१७ साली सुरू झाली. तिचं नाव स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. सरकारी खाती आणि कंपन्या आपले प्रश्न लिहून देतात, कॉलेजची मुलं त्यातला एक निवडतात, आणि ॲप बनवणाऱ्यांची शेवटची फेरी सलग ३६ तास चालते. एका गटात सहा जण असतात आणि त्यात निदान एक मुलगी असलीच पाहिजे, असा तिथला नियम आहे. हा नियम आम्हाला आवडला. पण ऐकल्याबरोबर मनात आलं, की उत्तर शोधणाऱ्यांत मुलगी हवी असा नियम आहे, तर प्रश्न विचारणाऱ्यांत बाई हवी असा का नसावा?

अशा स्पर्धा जगभर होतात. २०२० साली कॉल फॉर कोड नावाच्या जागतिक स्पर्धेत ॲग्रोली नावाच्या ॲपला पहिलं बक्षीस मिळालं, दोन लाख डॉलरचं. ते करणारे चौघं न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठात शिकलेले, पण चार देशांचे: ब्राझील, भारत, मंगोलिया आणि तैवान. हवामान बदलतंय, पाऊस वेळेवर येत नाही, अशा वेळी लहान शेतकऱ्याला पुढचा अंदाज कळावा, कोणतं पीक घ्यावं याचा सल्ला मिळावा, म्हणून ते ॲप. म्हणजे आपल्यासारख्यांच्या अडचणीवर दूरदेशी विचार होतो. मात्र तो विचार आपल्यापर्यंत पोचायला आपणही चार पावलं पुढे जायला हवं.

या स्पर्धांत आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव फार ऐकू येतं. त्याला एआय म्हणतात. ते काय असतं, हे सोप्या भाषेत बघू. आपली पोर लहानपणी तांदूळ निवडायला शेजारी बसते. तिला आपण खड्याची व्याख्या सांगत नाही. शंभरदा खडा उचलून दाखवतो, मग तिची तिला नजर बसते. कॉम्प्युटरलाही तसंच शिकवतात. हजारो चित्रं दाखवायची आणि प्रत्येक वेळी सांगायचं, हा पतंग, हे पान, ही माती. मग नवं चित्र आलं की तो ओळखू लागतो. पण त्याची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जे त्याला दाखवलंच नाही, ते त्याला ओळखता येत नाही. आपल्या वावरातली चित्रं त्यानं पाहिली नसतील, तर आपल्या वावरात तो गोंधळणारच.

याचं एक खरं उदाहरण आपल्याच पिकाचं आहे. कापसावरची गुलाबी बोंडअळी तुम्हाला सांगायला नको. अळी बोंडाच्या आत शिरते, बाहेरून पऱ्हाटी हिरवीगार दिसते, आणि बोंड फोडल्यावर कळतं की आत काही उरलं नाही. म्हणून वावरात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात एका रात्रीत ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडले, की फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्याआधी फवारणं म्हणजे पैसा आणि विष दोन्ही वाया. पण चुरगळलेले पतंग रोज मोजत बसायला वेळ कोणाला आहे? मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं त्यासाठी कॉटनएस नावाचं ॲप केलं. सापळ्यातले पतंग कागदावर पसरायचे, फोटो काढायचा, फोन ते मोजतो आणि फवारायचं की थांबायचं ते सांगतो. साध्या फोनमध्ये मावेल आणि वावरात नेटवर्क नसलं तरी चालेल, असं ते मुद्दाम हलकं केलं. ज्याच्याकडे फोन आहे तो शेतकरी फोटो काढतो आणि आजूबाजूच्यांना सांगतो.

फवारणी कमी होणं म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडाला वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात पडली. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारावा लागे आणि तोच तोंडावर येई. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईनं पुढे काय काय ओढलं, ते आपल्यातल्या काहीजणींनी शेजारून पाहिलं आहे.

आता त्या चित्रात बाई कुठे कुठे आहे ते बघा. फवारणीचं पाणी डोक्यावरून कोण आणतं? बाई. भिजलेला सदरा रात्री हातानं कोण धुतं? बाई. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वावरात निंदायला कोण उतरतं? बाई, तेही बहुतेकदा दुसऱ्याच्या वावरात, मजुरीनं. काल तिथे काय फवारलं, हे तिला कोणी सांगत नाही.

हे सगळं आम्ही आज का सांगतोय? गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हॅकेथॉन होती. विषय होता पर्यावरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. तिथल्या प्राध्यापिका गावात आल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडून प्रश्न द्या. आमच्या गटाच्या बैठकीत तो विषय निघाला. प्रश्नांना काय तोटा! कोणी विहिरीचं सांगितलं, कोणी चुलीच्या धुराचं, कोणी रोही आणि रानडुकरं पीक खातात ते. नाल्यातल्या प्लास्टिकचंही निघालं. मग मागे बसलेली एकजण बोलली. ती रोजानं निंदायला जाते. म्हणाली, "वावरात पाय टाकला की डोळे चुरचुरतात, तवा कळते का फवारलं होतं. आधी कोण सांगते आम्हाले?" थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. तिच्यासारखं बाकीच्यांचंही झालेलं होतं.

तोच प्रश्न द्यायचा ठरला. पण तो लिहायचा कसा? "कीटकनाशकांमुळे पर्यावरणाची हानी होते" असं लिहून दिलं असतं, तर शहरातल्या पोरांनी त्यावर एखादा सुंदर माहितीपट केला असता. म्हणून आम्ही एक बाई डोळ्यांपुढे ठेवली आणि लिहिलं: उद्या निंदायला जाणाऱ्या बाईला आज रात्रीच कळायला हवं, की त्या वावरात काय फवारलं, ते किती विषारी आहे आणि किती दिवस आत जाऊ नये. तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे. तिला बारीक अक्षर वाचता येत नाही. एका दिवसाची मजुरी बुडाली तर तिची चूल अडते. एवढंच. पण त्यात सगळं आलं.

सोबत आम्ही आणखी एक काम केलं. धुऱ्यावर, नाल्याकाठी, विहिरीजवळ फेकलेल्या रिकाम्या बाटल्यांना हात न लावता गटातल्या मुलींनी त्यांचे फोटो काढले. चिखलानं माखलेल्या, चिठ्ठी अर्धी फाटलेल्या, उन्हानं रंग उडालेल्या. एक वही केली. कोणत्या तारखेला कोणाच्या वावरात फवारणी झाली, नाल्यातले मासे कधी वर तरंगले, मधमाश्यांचं आग्यामोहोळ कधी उठून गेलं, कोणाला मळमळलं, कोणाचे हात सोलले. नावं लिहिली नाहीत. कारण वही बाहेर जाणार होती, आणि ज्या बाईनं शेतमालकाचं सांगितलं तिची मजुरी तुटायला नको.

हॅकेथॉनला आमच्यातल्या तिघी गेल्या. आमच्या प्रश्नावर बसलेल्या गटात चार मुलं, दोन मुली. पोरं हुशार. रात्री आठपर्यंत त्यांनी ॲप करूनही दाखवलं. उघडलं की आधी नाव, मग ईमेल, मग पासवर्ड. आम्ही विचारलं, बाळांनो, बाईकडे फोन बटणाचा आहे, हे कुठे जाईल? घरातला मोठा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तो येईपर्यंत बाई वावरात पोचलेली असते. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ती सगळं पुसून पुन्हा बसली. हा त्यांचा मोठेपणा.

रात्रीतून जे बनलं ते असं. गटातल्या एकीच्या फोनवरून बाटलीच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा. एआय त्यावरची बारीक अक्षरं आणि त्रिकोणाचा रंग ओळखतं. मग मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतं. आणि त्या वावरात निंदायला जाणार असणाऱ्या बायांच्या साध्या फोनवर रात्री आवाजाचा निरोप जातो.

बाटलीवरचा त्रिकोण तुम्हाला माहीत आहे ना? लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. पुष्कळजणी हिरव्याला निर्धोक समजतात. तसं नाही. हिरवा म्हणजे विष कमी, पण विषच.

पहाटे आम्ही आमचे फोटो काढून दिले. कॉलेजच्या पोरांनी यंत्राला दुकानातल्या कोऱ्या बाटल्यांची चित्रं शिकवली होती. चिखलाच्या बाटलीपुढे ते अडखळलं. उन्हानं फिकट झालेला लाल त्रिकोण त्याला पिवळा दिसला, आणि त्यानं तसं ठामपणे सांगितलंही. इथे आम्ही तिघी अडून बसलो. माणूस चुकला तर आवाजावरून संशय येतो. यंत्र चुकलं तरी त्याचा आवाज तोच राहतो. म्हणून आम्ही दोन अटी घातल्या. पहिली, चिठ्ठी नीट दिसली नाही तर त्यानं सरळ म्हणायचं, "मला कळत नाही, लाल समजून चाला." दुसरी, औषध किती टाकायचं, कशात मिसळायचं, हा सल्ला त्यानं द्यायचाच नाही. छापलंय ते वाचून दाखवायचं आणि पुढचं कृषी सहायकाला नाहीतर किसान कॉल सेंटरला विचारा म्हणायचं. तो नंबर १८०० १८० १५५१. फोन फुकट आहे. आणि कोणाला विषबाधा झालीच, तर १०८ ला फोन करायचा आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिच्या चिठ्ठीचा फोटो सोबत न्यायचा. कोणतं विष ते डॉक्टरला कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

आमच्या गटाला बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर दुसऱ्याच ॲपचा आला. पण त्यातल्या दोन्ही मुली दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावी आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि आमच्या फोटोंवर यंत्राला पुन्हा शिकवलं. ॲप अजून कच्चं आहे. या हंगामात आम्ही ते आमच्या टोळीपुरतं वापरून बघतोय.

पण खरी गंमत पुढे आहे. निरोप पाठवायचा तर काल कोणाच्या वावरात फवारणी झाली, हे आधी कोणीतरी सांगायला हवं. त्यासाठी आम्ही ग्रामसभेत विषय मांडला. चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. शेवटी ठरलं, की ज्यानं फवारलं त्यानं धुऱ्यावर काठीला लाल फडकं बांधायचं आणि किती दिवस थांबायचं ते मजुरांच्या मुकादमीणबाईला सांगायचं. आता सांगा, लाल फडक्याला कुठलं एआय लागतं? अर्धं उत्तर तर त्या फडक्यातच निघालं. पण कॉलेजला प्रश्न लिहून दिला नसता, तर ग्रामसभेत तो आलाही नसता. बाईचे डोळे चुरचुरतात, हा त्या दिवसापर्यंत तिचा एकटीचा त्रास होता. कागदावर आला तेव्हा तो गावाचा झाला.

आणखी एक बोलायलाच हवं. एआय पर्यावरण वाचवतं असं म्हणतात, पण ते स्वतःही वीज खातं. ते चालवणारे मोठमोठे कॉम्प्युटर तापतात, त्यांना थंड ठेवायला पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं. म्हणून जिथे फडकं पुरतं तिथे फडकंच बांधावं. जिथे नजर पुरत नाही, वेळ पुरत नाही, तिथे यंत्राला बोलवावं. पतंग मोजायला बोलवावं. फाटक्या चिठ्ठीतली मुंगीएवढी अक्षरं वाचायला बोलवावं. वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत रात्रभर कॅमेऱ्यावर डोळा ठेवायला बोलवावं. ताडोब्याच्या बाजूच्या गावात असे कॅमेरे लागलेही आहेत. वाघ दिसला की गावाला इशारा मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गटानं हे करायचं तर कुठून सुरू करू? आधी चौकशी करा. उन्नत भारत अभियानात कितीतरी कॉलेजांनी गावं दत्तक घेतली आहेत. तुमचं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज, तंत्रनिकेतन, कृषी विज्ञान केंद्र, कोणाकडेही जाता येतं. उमेदच्या ताईंना सोबत घ्या. हॅकेथॉन कधी आहे विचारा, आणि आम्हाला प्रश्न द्यायचा आहे असं सांगा. मदत मागायला आलोय अशा सुरात सांगू नका. त्यांना खरा प्रश्न हवाच असतो.

मग प्रश्न तयार करताना गोल बसा आणि एकमेकींना विचारा. त्रास नेमका कोणाला होतो? केव्हा होतो, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी? आज ती बाई त्यावर काय करते? तिच्या हातात कोणता फोन आहे, तिला काय वाचता येतं? आणि उत्तर मिळालं असं आपण कशावरून म्हणू? एवढ्याची उत्तरं कागदावर आली की प्रश्न तयार झाला. लिहिता येत नसेल तर बोलून मोबाईलवर आवाज भरा. गटातल्या मुलींकडून लिहून घ्या.

प्रश्न देताना तोंडाजड होऊ नका. चार गोष्टी आधीच ठरवून घ्या. आमच्यातल्या दोघी-तिघी स्पर्धेच्या वेळी तिथे असतील. आमची माहिती, आमचे फोटो, आमचे आवाज आम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत. जे बनेल ते मराठीत आणि आवाजात असेल. आणि स्पर्धा संपल्यावर निदान एक हंगाम तुम्ही आमच्या संपर्कात राहाल. ही शेवटची अट फार मोलाची आहे. पुष्कळ ठिकाणी बक्षिसाचा फोटो निघतो, पोरं परीक्षेला लागतात आणि ॲप तिथेच राहतं. त्यात पोरांचा दोष धरू नये, त्यांना पुढचं कोणी सांगितलेलंच नसतं.

मैत्रिणींनो, इर्जिकीला माणसं कितीही आली, तरी नांगर कुठून धरायचा हे वावर ज्याचं तोच सांगतो. कारण कुठे दगड आहे, कुठे पाणी साचतं, ते त्यालाच माहीत. कॉम्प्युटरवाली पोरं आपल्या वावरात यायला तयार आहेत. आपण धुऱ्यावर उभं राहून सांगायला हवं.

तर पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, की अर्धा तास थांबा. सगळ्यांत मागे बसणारीला आधी बोलू द्या. तिनं सांगितलेला एक त्रास तिच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि आपल्या रेडिओ केंद्रावर आम्हाला पाठवा. आम्ही तो वाचून दाखवू, आणि कॉलेजच्या पोरांपर्यंतही पोचवू.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.